प्रार्थनेच्या उंचीत मांडलेलं घर

या पुस्तकाचं बीज एका न्हाणीघरात पडलं. उत्तर इंग्लंडमधल्या एका खेड्यात एकोणिसाव्या शतकातल्या चर्चचं घर केलेलं होतं, आणि त्या घरी मी दोन रात्री पाहुणा होतो. वरच्या मजल्यावर न्हाणीघराचं दार उघडलं, तर समोर रंगीत काचेची खिडकी थेट जमिनीतून उगवल्यासारखी उभी. निळ्या झग्यातला एक संत छातीपासून वर तेवढा दिसत होता आणि खिडकीचं टोक छताला भिडलं होतं. सकाळी खाली स्वयंपाकघरात गेलो. त्याच संताचा झगा आणि अनवाणी पाय ओट्याच्या मागे होते. मधून नवा मजला गेला होता. यजमानांचा त्या घरावर जीव होता. त्यांनी लाकूड उत्तम वापरलं होतं, परवानग्या रीतसर घेतल्या होत्या. पण वीस फुटांवरून उतरत येऊन फरशीवर पसरणारा उजेड हीच त्या खिडकीची सगळी कमाई होती, आणि ती मात्र त्या घरातून गेली होती.

त्यानंतर जिथे जाईन तिथे मी अशी घरं पाहत आलो. बंद पडलेली चर्चं, छोटी चॅपेलं, त्यांत राहणारी माणसं, त्यांच्या गाद्या, पुस्तकं, मुलांच्या सायकली. हळूहळू लक्षात आलं, की या घरांचं बरंवाईट ठरतं ते ‘गॉथिक’ या एका शब्दाचा अर्थ राहणाऱ्याने काय घेतला यावर. मराठी वाचकाला हा शब्द दोन ठिकाणी भेटलेला असतो. एक, मुंबईच्या बोरीबंदरच्या स्टेशनात. दुसरा, भुताखेतांच्या इंग्रजी कादंबऱ्यांत आणि सिनेमांत. सजावटीच्या बाजारात दुसऱ्या अर्थाची चलती आहे. काळ्या भिंती, जांभळी मखमल, लोखंडी झुंबरं, मेणबत्त्या आणि वटवाघळांची चित्रं. चर्च विकत घेणारी पुष्कळ माणसं हीच यादी हातात घेऊन आत शिरतात. या पुस्तकाची भूमिका उलटी आहे. गॉथिक वास्तुकला जन्मली उजेडासाठी, आणि चर्चमध्ये घर मांडणाऱ्याने पहिला हिशेब उजेडाचाच करायला हवा.

त्यासाठी कमानीचं गणित समजून घ्यावं लागतं. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीला बांधलेली असते. दहा फूट रुंदीची कमान पाच फूटच उठणार. दोन वर्तुळखंड एकमेकांकडे झुकवून टोकाशी भेटवले की ही बेडी सुटते. रुंदी तीच ठेवून कमान हवी तेवढी उंच नेता येते, आणि तिचा बाजूला रेटणारा जोरही कमी होतो. छताचं वजन दगडी फासळ्यांवरून, छत्रीच्या काड्यांवरून ओघळावं तसं, ठरावीक खांबांवर आणायचं आणि खांबांना बाहेरून तिरके दगडी टेकू द्यायचे, एवढी युक्ती साधल्यावर मधल्या भिंतीला उचलायला काही उरलंच नाही. तिथे काच आली. पॅरिसजवळच्या सँ-देनी मठाचा प्रमुख सुजे याने ११४० ते ११४४ या काळात चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधून घेतला, तिथे हे सगळे धागे पहिल्यांदा एकत्र आले असं मानतात. ११९४ च्या आगीनंतर शार्त्रचं कॅथीड्रल याच रीतीने उभं राहिलं. १२४८ मध्ये पॅरिसच्या सँत-शापेलचं पावनविधीने अर्पण झालं; तिच्या वरच्या दालनात पंधरा प्रचंड खिडक्या आहेत आणि भिंत म्हणावी अशी जागा शोधावी लागते. हव्यासाची किंमतही मोजावी लागली. बोवेच्या कॅथीड्रलचं छत जवळजवळ ४८ मीटरवर नेलं आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला.

टोकदार कमान युरोपाने शोधली असा समज मात्र नको. ती इस्लामी जगात त्याआधी शतकानुशतकं रुळलेली होती. विजापूर, बिदर, अहमदनगर पाहिलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. फरक एवढाच, की दख्खनच्या उन्हात कमानीने सावली धरली आणि फ्रान्सच्या ढगाळ आभाळाखाली तिने काच धरली. हवामान वेगळं, म्हणून गरज वेगळी.

‘गॉथिक’ हे नाव मुळात शिवी म्हणून आलं. सोळाव्या शतकात इटलीतल्या वासारीने या शैलीचा संबंध रोम उद्ध्वस्त करणाऱ्या गॉथ टोळ्यांशी जोडला, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं सुसंस्कृत युरोप या इमारतींकडे रानटी म्हणून पाहत राहिला. इंग्लंडमध्ये १८१७ साली टॉमस रिकमनने या शैलीचे कालखंड नावं देऊन मांडले. अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही त्याची विभागणी आजही चालते. तोवर गॉथिकचा दुसरा जन्म होऊन गेला होता आणि तो चर्चमध्ये नव्हे, एका घरात झाला होता.

लंडनबाहेर ट्विकनहॅमला होरेस वॉलपोल नावाच्या श्रीमंत, हौशी माणसाने १७४७ मध्ये एक साधं घर घेतलं आणि पुढची काही दशकं त्याला गॉथिक रूप देण्यात घालवली. तेच स्ट्रॉबेरी हिल. त्याच्या ग्रंथालयातली कपाटं जुन्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या दाराच्या चित्रावरून घडवलेली आहेत, शेकोट्यांसाठी राजेरजवाड्यांच्या समाध्यांचे नमुने उचललेले आहेत. मोठ्या दालनाचं छत वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या सातव्या हेन्रीच्या चॅपेलचं, पण ते दगडाचं नाही. ते कागदाच्या लगद्याचं आहे. सोनेरी नक्षी, लाल भिंती, आरसे, सगळं डोळे दिपवणारं. या घरातल्या वातावरणासाठी वॉलपोलने ‘ग्लूम्थ’ असा शब्दच बनवला, उदासी आणि ऊब एकत्र बांधणारा. याच घरात राहून त्याने १७६४ मध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली आणि गॉथिक कादंबरीची परंपरा सुरू झाली. आज दुकानांतून गॉथिक म्हणून जे विकलं जातं त्याची आजी ट्विकनहॅमलाच सापडते. मला हे घर मनापासून आवडतं. तिथला कागदी लगदा कोणाला फसवत नाही. तो एका माणसाचा उघड, आनंदी खेळ आहे.

पण त्या खेळाला कडाडून विरोध करणारा माणूस पुढे आला, आणि या पुस्तकाचा कल त्याच्याकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्टस प्यूजिन १८१२ साली जन्मला आणि अवघा चाळीस वर्षं जगला. १८३४ च्या आगीनंतर ब्रिटिश संसदेची जी नवी इमारत उभी राहिली, तिच्या अंतर्भागातला जवळजवळ प्रत्येक तपशील त्याच्या हातून उतरला: भिंतीचे कागद, फरश्या, खुर्च्या, दिवे, दाराच्या मुठी. १८४१ च्या आपल्या पुस्तकात त्याने मांडलेलं तत्त्व सोपं होतं. सोय, बांधणी आणि औचित्य यांना ज्याची गरज नाही असं काही इमारतीत असू नये. आणि सजावट करायची ती बांधणीचीच करावी, वेगळी बांधणी सजावटीसाठी करू नये. बिजागरी लपवायची कशाला? ती दारभर पसरू दे, तिलाच पानं-फुलं फुटू देत. सांधा झाकायचा कशाला? लाकडी खुंटी दिसू दे. आपल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे आठवले तर हे पटकन उमजतं. त्यांवरची कडी, कोयंडा, पितळी फुल्या कामाच्याही होत्या आणि देखण्याही. प्यूजिनने रॅम्सगेटला समुद्राकाठी स्वतःचं घर बांधलं, ‘द ग्रेंज’. ते आजही आहे आणि त्यात मुक्कामाला राहता येतं. खोल्या आतून ठरल्या आणि बाहेरचा आकार त्यांच्या मागोमाग आला, ही घरबांधणीतली केवढी मोठी उलथापालथ होती ते तिथे कळतं.

प्यूजिननंतरचा प्रवाह भरभर फुगत गेला. कलासमीक्षक जॉन रस्किनने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मध्ये गॉथिकचं मोल कारागिराच्या स्वातंत्र्यात शोधलं. तो दगड घडवणाऱ्याच्या हाताची थरथर दोष मानत नाही. विल्यम मॉरिसने त्यातून प्रेरणा घेतली, फिलिप वेबकडून १८५९–६० मध्ये बेक्सलीहीथला ‘रेड हाउस’ बांधून घेतलं आणि घरगुती कारागिरीची एक चळवळच उभी केली. त्याच मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं असं, की जुन्या इमारतीची डागडुजी करा, पण तिला बनावट तारुण्य देऊ नका. फ्रान्समध्ये वास्तुरचनाकार व्हायोले-ल-द्यूक नेमकं उलटं करत होता. इमारत कधीच नव्हती इतकी परिपूर्ण करून दाखवण्याकडे त्याचा ओढा होता. चर्चचं घर करताना हे भांडण रोज नव्याने होतं. झिजलेली पायरी बदलायची की तशीच ठेवायची, एवढ्याशा प्रश्नातसुद्धा मॉरिस आणि व्हायोले समोरासमोर उभे राहतात. वास्तुरचनाकार विल्यम बर्जेसचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. केन्सिंग्टनजवळ त्याने स्वतःसाठी १८७५ पासून उभारलेल्या ‘टॉवर हाउस’मध्ये प्रत्येक खोलीला एक कल्पना दिलेली होती, आणि प्रत्येक भिंत रंगाने बोलती होती.

या बर्जेसने मुंबईच्या कलाशाळेसाठी १८६६ मध्ये एक आराखडा केला होता. तो बांधला गेला नाही. पण ती कलाशाळा, म्हणजे जे. जे., मुंबईच्या गॉथिकचा प्राण झाली. तिथे शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगच्या काळात विद्यार्थ्यांच्या हातून पानं, पक्षी, माकडं, मुंगूस दगडात उतरली. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा त्याच्या अंगावर इथलीच झाडं-पाखरं होती. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर मुंबईत पाऊल न ठेवता आखला. कुर्ला आणि पोरबंदरच्या दगडाने त्याला इथला रंग दिला. पुण्यात डेक्कन कॉलेज आणि ज्याला सगळे ‘लाल देऊळ’ म्हणतात ते ज्यूंचं प्रार्थनामंदिर, गोव्यात साळगावचं १८७३ चं माय द देउश चर्च ही त्याच शैलीची आपल्या जवळची रूपं आहेत. मुंबईतला विद्यापीठाभोवतीचा गॉथिक पट्टा २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मराठी माणसाला गॉथिक परकं नाही, ते आपण रोज लोकल पकडताना ओलांडतो. चर्चमधलं घर ही मात्र पश्चिमेची गोष्ट आहे आणि पुस्तकात ती तिथेच ठेवली आहे. आपल्याकडची चर्चं भरलेली आहेत.

तिकडची रिकामी झाली, कारण खेड्यातली माणसं शहरात गेली आणि रविवारची प्रार्थनेची सवय सुटत गेली. शिवाय व्हिक्टोरियन काळात वेगवेगळ्या पंथांनी चढाओढीने इतकी चर्चं बांधली होती, की त्यातली काही सुरुवातीपासूनच अर्धी मोकळी होती. इंग्लंडमध्ये १९५७ साली ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही संस्था निघाली. एकाकी चर्चांचे सोबती, असं ते नाव आहे. १९६८ च्या कायद्याने चर्च रीतसर बंद करून त्याचं पुढे काय करायचं याची पद्धत घातली गेली. तेव्हापासून एकट्या चर्च ऑफ इंग्लंडने दीड हजाराहून अधिक चर्चं बंद केली. त्यातली साडेतीनशेच्या आसपास एका विश्वस्त संस्थेने जशीच्या तशी सांभाळली आहेत. इतर अनेकांची कार्यालयं, ग्रंथालयं, गिर्यारोहणाचे सराववर्ग आणि घरं झाली. स्कॉटलंड, नेदरलँड्स, क्वेबेक इथेही हेच चाललं आहे. म्हणून हा विषय आत्ता लिहायला हवा होता. आणखी वीस-तीस वर्षांनी या इमारती कशा दिसतील, ते आज त्यांना विकत घेणाऱ्या साध्या कुटुंबांच्या निर्णयांवर अवलंबून आहे.

खरेदीदाराच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे जाहिरातीत सांगत नाहीत. चर्च चालू असेपर्यंत त्याचे बदल चर्चच्या स्वतःच्या व्यवस्थेतून मंजूर होतात. विकलं गेलं की ते संरक्षित इमारतींच्या सर्वसाधारण कायद्याखाली येतं. भोवतालची कबरस्तानाची जमीन बऱ्याचदा सोबत येत नाही, आणि आली तरी नातेवाइकांचा तिथे येण्याचा हक्क राहतो. घराच्या दारात कोणी फुलं ठेवायला येणार, हे मान्य असलेल्यानेच अशी जागा घ्यावी. आढ्यात वटवाघळं असतील तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

या घरांच्या मांडणीत आज मला तीन वाटा दिसतात. पहिली, मजले घालण्याची. खोल्या जास्त मिळतात आणि खिडक्या कापल्या जातात. त्या संताची हीच गत झाली होती. दुसरी, पेटीत पेटी बसवण्याची. झोपायच्या, न्हाणीच्या खोल्यांचा एक वेगळा सांगाडा आत उभा करायचा आणि जुन्या भिंतींना, खांबांना शिवायचं नाही. उत्रेख्त शहरातल्या सेंट याकोबस चर्चचं घर ‘झेक आर्किटेक्ट्स’ (Zecc) या संस्थेने असंच केलं. पांढऱ्या रंगाचे नवे आकार कमानींपासून सुटे उभे आहेत, उद्या काढले तर चर्च पुन्हा मोकळं होईल. मास्ट्रिख्तच्या डॉमिनिकन चर्चमधलं पुस्तकांचं दुकान घर नव्हे, पण २००६ मध्ये तिथे उभारलेलं काळ्या पोलादाचं उंच कपाट या विचाराचा सर्वांत स्वच्छ धडा आहे. तिसरी वाट जवळजवळ काहीच न करण्याची. मुख्य दालन एकच खोली म्हणून ठेवायचं आणि बाकी संसार वेदीमागच्या लहान खोल्यांत, मनोऱ्यात, ओसरीत बसवायचा. माझं मत दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. छोट्या मेथडिस्ट चॅपेलांना मात्र पहिली वाटही शोभून दिसते, कारण त्यांत मुळातच अर्ध्या उंचीवर सज्जे होते आणि खिडक्या साध्या काचेच्या.

तिसरी वाट धरणाऱ्याची पहिली गाठ पडते ती थंडीशी. ऊब वर जाते आणि वर दहा मीटर कोणी राहत नाही. फरशीखालून उष्णता देणं हा आजचा उपाय. पण या प्रश्नाचं उत्तर मध्ययुगाने फर्निचरमध्ये देऊन ठेवलं होतं आणि त्याकडे आपण निव्वळ नक्षी म्हणून पाहतो. चार खांबांचा, छताचा, जाड पडद्यांचा पलंग ही खोलीतली खोली होती. पडदे ओढले की अंगाची ऊब आतच राही. उंच पाठीचा, बाजूला कान असलेला बाक दारातून येणारा झोत अडवायचा. भिंतीवरचे विणलेले पट दगडाचा गारवा रोखायचे. हे कळलं की असा पलंग चर्चमध्ये ठेवणं नाटकी राहत नाही. तो तिथे कामावर असतो. पटांचा आणि गालिच्यांचा आणखी एक उपयोग आहे. दगडी पोकळीत शब्द घुमत राहतो, जेवणाच्या टेबलावर दोघांचं बोलणं तिसऱ्याला कळत नाही. लोकर आणि पुस्तकं तो घुमारा शोषून घेतात.

भिंतींच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. पहिली सिमेंटची. जुन्या दगडाला चुन्याचीच दर्जभरणी लागते, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडतं. वाड्यांची दुरुस्ती केलेल्या कोणत्याही गवंड्याला हे ठाऊक असतं. दुसरी चूक काळ्या रंगाची. मध्ययुगातली चर्चं आतून रंगवलेली होती. निळं आकाश, सोनेरी तारे, तांबड्या रेघा, भिंतभर चित्रं. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर त्यावर पांढरा हात फिरवला गेला, पुढे कित्येक ठिकाणी गिलावाही खरवडला गेला आणि आपण उघड्या दगडालाच प्राचीन समजू लागलो.

फरशीपाशी थोडं थांबतो, कारण ती माझी सर्वांत आवडती वस्तू आहे. व्हिक्टोरियन चर्चांतून मिंटन कारखान्याच्या ज्या नक्षीदार फरश्या दिसतात, त्यांवर नक्षी छापलेली नसते. लाल मातीच्या लादीत साच्याने खाच पाडून त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, सुकल्यावर वर आलेली खरवडून सपाट करायची आणि मग भाजायची. एक फुटलेली लादी मी हातात घेऊन तिची कड पाहिली आहे. पिवळं लिलीचं फूल पृष्ठभागापासून आत काही मिलिमीटर खोल उतरलेलं होतं. बोट फिरवलं की दोन मातींच्या सीमेवर किंचित चढ लागतो. म्हणून दीडशे वर्षं पावलं पडली तरी फूल पुसत नाही, लादीबरोबर झिजतं. प्यूजिनने हट्टाने मागितलेल्या खरेपणाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अशी फरशी ज्या घरात आहे तिथे सजावटीचा निम्मा प्रश्न सुटलेला असतो. बाकीच्या रंगांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं.

एक प्रश्न मला प्रत्येक भाषणानंतर विचारला जातो. जिथे बाप्तिस्मे झाले, जिथून तिरड्या निघाल्या, तिथे झोपायचं कसं? मी तो प्रश्न झटकत नाही. मला उत्तर लंडनच्या ब्रिक लेनवर मिळालं. तिथल्या एका इमारतीत १७४३ मध्ये फ्रेंच निर्वासित प्रोटेस्टंट प्रार्थना करत. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ च्या सुमारास सिनेगॉग झाली आणि १९७६ मध्ये मशीद. इस्लिंग्टनमध्ये १९७० साली एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये स्वामिनारायण मंदिर सुरू झालं. वास्तू माणसांना मिळत राहिली, तर तिचं पावित्र्य कुठे जात नाही असं मला वाटतं. ओस पडून छप्पर खचणं हा तिचा खरा अपमान आहे. मात्र वेदीच्या जागी टीव्ही लावू नये, स्मृतिशिलांवर मांडण्या ठोकू नयेत, आणि ज्यांची नावं भिंतीवर आहेत ती एकदा तरी वाचावीत.

या पुस्तकात मी सजावटीच्या कृती दिलेल्या नाहीत. आधी इमारत वाचायची कशी, हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे: उजेड कोणत्या खिडकीतून किती वाजता येतो, वजन कुठून कुठे उतरतं, ओल कुठे साठते, आवाज कुठे घुमतो. मग वॉलपोलच्या वंशातली आणि प्यूजिनच्या वंशातली घरं शेजारी ठेवून पाहिली आहेत. जिथे माझा कल न्यायावर मात करतो असं वाटेल, तिथे वाचकाने नकाशे आणि छायाचित्रं पाहून स्वतःचं मत बनवावं. लंडन-लेस्टरकडे स्थिरावलेल्या ज्या मराठी कुटुंबांना एखादं चॅपेल घ्यायचा मोह होत असेल, त्यांना कायद्याचा आणि चुन्याचा भाग उपयोगी पडेल. इथल्या वाचकाला जुना वाडा, गिरणी किंवा गोदाम पुन्हा वापरात आणताना यातलं बरंच काही कामी येईल.

मुंबईत असाल तर पुस्तक उघडण्यापूर्वी कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन या. पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये अर्पण झालं. त्याच्या फरश्यांचा आराखडा विल्यम बटरफिल्डचा आहे, रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. पश्चिमेकडे तोंड करून अर्धा तास बसा आणि काचेचा रंग फरशीवर कसा सरकतो तेवढं पाहा.